ब्राउनची वही : ८ ऑक्टोबर १९०८ चं पान लागलं एकदाचं

बेसबॉलचा जुना पिचर (बॉल टाकणारा) मॉर्डेकाय ब्राउन याच्या मॅचची मी एक वही लिहितोय, त्यातलं हे पान चार रविवार खाऊन बसलं. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवरची शिकागो कब्ज (ब्राउनची टीम) आणि न्यूयॉर्क जायंट्सची ती मॅच हाताने स्कोअर करून, म्हणजे प्रत्येक बॅटरच्या चौकटीत नोंदून, काढायची होती. दोन्ही टीम ९८ विजय-५५ पराभवांवर अडकलेल्या, आणि २३ सप्टेंबरचा मर्कलवाला १-१ चा घोळ (जायंट्सच्या मर्कलने दुसऱ्या बेसला पाय न लावल्याने त्यांच्यातली मॅच बरोबरीत राहिली होती) निस्तरायला हीच एक मॅच उरलेली.

पहिल्या इनिंगलाच तीन कागद फाडले. कब्जचा पिचर फिस्टर. त्याने जायंट्सच्या टेनीला बॉल मारला, मग हर्झॉगला वॉक दिला (दोन्हींत बॅटरला बेस फुकट मिळतो). ब्रेस्नहन स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला, पण कॅचर क्लिंगच्या हातून बॉल निसटला. हर्झॉग फसून बेसपासून लांब आला आणि क्लिंगने पहिल्या बेसवरच्या चान्सकडे (कब्जचा मॅनेजरही तोच) फेकून त्याला टिपलं. त्याच्या चौकटीत मी झोकात २-३ (कॅचर २, पहिला बेस ३) लिहिलं आणि टेनी दुसऱ्या बेसवर उभा आहे हेच विसरलो! डॉन्लिनच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) रन कोणाच्या नावावर मांडायचा, हे कोडं त्यामुळेच पडलं होतं. पुढे सेमूरला वॉक. इथे चान्सने ब्राउनला बोलावलं. गर्दीतून वाट काढत तो आला आणि डेव्हलिनला स्ट्राइकआउट करून मोकळा झाला. त्या आठवड्यात आपल्याला धमकीची पत्रं आली होती, असं त्याने पुढे सांगितलंय.

त्यानंतरच्या ८ इनिंगमध्ये त्याने एकच रन दिला. तिसऱ्या इनिंगला कब्जच्या टिंकरने जायंट्सचा पिचर मॅथ्यूसन याचा बॉल सेंटरफिल्डर सेमूरच्या डोक्यावरून घालवून ट्रिपल मारला आणि कब्जचे ४ रन झाले. सातवीत मात्र माझाच घसा कोरडा पडला. डेव्हलिन आणि मॅकॉर्मिक यांचे सिंगल, ब्रिडवेलला वॉक, बेस भरलेले, एकही आउट नाही. मॅथ्यूसनऐवजी डॉयल बॅटिंगला आला आणि त्याने क्लिंगच्या हातात फाउल कॅच दिला. टेनीच्या उंच फटक्यावर एक रन आला, हर्झॉग ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) गेला. ४-२, शेवटपर्यंत तेवढंच; कब्ज जिंकली.

हे पान लिहिताना एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. आपण सगळे ब्राउनच्या हाताच्या गोष्टीतच अडकतो. गोष्ट आहेच तशी. इंडियानातलं शेत, लहानपणी कडबाकुट्टीत गेलेली उजवी तर्जनी, ती बरी होते न होते तोच पडून मोडलेली बाकीची बोटं. पुढे कोळशाच्या खाणीत काम, म्हणून ‘मायनर’ हेही टोपणनाव. (‘थ्री फिंगर’ हे त्याचं दुसरं टोपणनाव तसं चुकीचंच. तर्जनीचं खुंट होतं आणि त्याचाही बॉलला उपयोग व्हायचा.) पण वाकड्या बोटाने कर्व्ह (वळणारा बॉल) मिळतो, बेस भरलेले असताना लागणारं डोकं नाही मिळत.

तरी मोह आवरला नाही. तर्जनी दुमडून पट्टी बांधली आणि गच्चीवर बॉल टाकून पाहिला. पहिले दोन पायाशीच पडले, तिसरा थेट पाण्याच्या टाकीवर. खाली तिघांनी खिडक्या उघडल्या. एक मात्र कळलं. मधल्या बोटाने दाब दिला की बॉल शेवटी खाली बसतो, अगदी थोडा, पण बसतो.

मागच्या नोंदीत एक दुरुस्ती. १९०६ च्या पानावर मी ब्राउनची नुसती २६ विजय-६ पराभव आणि १.०४ ईआरए (पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी) मिरवली होती. त्याच वर्षी ११६ मॅच जिंकलेली कब्ज वर्ल्ड सिरीजमध्ये (वर्षाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत) व्हाइट सॉक्सकडून हरली. ब्राउनने चौथी मॅच १-० ने काढली, पण सहावीत दुसऱ्याच इनिंगला त्याला बाहेर जावं लागलं. हे आता लाल शाईने लिहिलंय.

मधली फेडरल लीगची (एका वेगळ्या, थोडाच काळ चाललेल्या लीगची) दोन वर्षं एका पानात गुंडाळणार आहे, कंटाळा हेच कारण. पुढचं मोठं पान ४ सप्टेंबर १९१६ चं. ब्राउन कब्जकडून, मॅथ्यूसन सिनसिनाटीकडून, दोघांचेही खांदे उतरलेले, आणि स्कोअर १०-८. मॅथ्यूसन जिंकला. एवढ्या हिट्स एका पानात मावायच्या नाहीत, म्हणून आडव्या कागदाची वही आणलीय.