केराचा आठवडा

गेल्या महिन्यात एका सोमवारी शाळेतून आले, तर दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली. त्यावर एकच शब्द: केरवोखं. इथे जर्मनीत मी ज्यांच्या घरी राहते, त्या होस्ट-आईला विचारलं, तर म्हणाली, "या आठवड्यात जिना आपला." मग माझ्याकडे बघून, "म्हणजे तुझासुद्धा."

वोखं म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे... केर. खरंच! जर्मनमध्ये केरेन म्हणजे झाडणं. दोन वर्षं क्लासला जाऊन डेर-डी-डास (नामाचं लिंग सांगणारे शब्द) घोकलं, पण भाषांतर न करता कळलेला पहिला शब्द हा. योगायोगच असणार. आजीला फोनवर सांगितलं, तर तिचं उत्तर तयार होतं: "चला, जर्मनीला जाऊन तरी झाडू हातात घेशील."

मी आहे श्टुटगार्टमध्ये. मुंबईचं हे 1968 पासूनचं भगिनी-शहर, पण आमच्या डोंबिवलीत ते कुणाच्या गावी नाही. बाबांना ते मर्सिडीजमुळे माहीत, एवढंच. इथे आमची इमारत चार मजल्यांची, मजल्यावर दोन घरं. छोटा केराचा आठवडा म्हणजे आपल्या मजल्यावरची मोकळी जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या झाडून-पुसून घ्यायच्या. हा समोरच्या घराशी आलटून पालटून. मोठा आठवडा आठ घरांत फिरतो. त्यात तळघराचा जिना, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि इमारतीपुढचा फुटपाथ, हिवाळ्यात वर बर्फ. काम झालं की शनिवारी संध्याकाळी पाटी पुढच्याच्या दाराला लावायची. हे आजचं खूळ नाही. 1492 साली, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, इथल्या दाढीवाल्या काउंट एबरहार्डने शहराच्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं की प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. शहर दरीत, चहूबाजूंनी टेकड्या. घाण जाणार कुठे?

आमच्या सोसायटीत याच विषयावर एजीएममध्ये दोन तास भांडण होतं आणि शेवटी सफाईवाल्याचा पगार दोनशे रुपयांनी वाढवायचा की नाही यावर येऊन थांबतं. इथे भांडण नाही. पाटी आहे. मला आधी हे फार भारी वाटलं. डॉक्टर असो की ड्रायव्हर, बादली सगळ्यांच्या हातात. मैत्रिणींना फोटोही पाठवला.

मग माझी पाळी आली. शनिवारी वर्गातल्या पोरींबरोबर गावात गेले आणि साफ विसरले. रविवारी सकाळी दहाला उठून, शहाण्यासारखी, बादली घेऊन बाहेर. तळाच्या पायरीपासून सुरुवात केली, त्यामुळे पुसलेल्या पायऱ्यांवर माझेच पाय उमटत होते. बादली एकदा कठड्यावर आपटली. समोरचं दार उघडलं. सत्तरीच्या बाई, केस नीट, पायात घरातले बूट. अगदी गोड आवाजात "ग्र्यूस गॉट" म्हणाल्या आणि पुढे, "आज रविवार आहे." बस्स. दार बंद.

रविवारी इथे आवाज करायचा नाही. दुकानं बंद, व्हॅक्यूम क्लीनर बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेतच आहे, होस्ट-बाबांनी कलमासकट सांगितलं. ठीक आहे. पण मी साफसफाई करत होते हो, ढोल नव्हते वाजवत! आमच्याकडे रविवारी सकाळी कोणी जिना पुसताना दिसली असती, तर शेजारच्या काकूंनी आधी चहाला बोलावलं असतं. (नंतर सगळ्या बिल्डिंगला सांगितलं असतं, ती गोष्ट वेगळी.) दोन दिवस त्या बाईंचा राग गेला नाही. जिना स्वच्छ हवा की आठवड्याचा वार बरोबर हवा, हे यांचं एकदा ठरू दे.

बाकी बरं चाललंय. शाळेत एक म्हणजे सर्वांत चांगला ग्रेड आणि सहा सर्वांत वाईट. मला इतिहासात दोन मिळाले, तेव्हा आईचा श्वास अडकला होता. संध्याकाळी गार ब्रेड, चीज, काकडी. याला इथे फेस्पर म्हणतात. त्यावर मी काही बोलणार नाही, बोलले तर रडेन. अकरावीचं वर्ष वाया गेलं म्हणणाऱ्या आत्याबाईंना एवढंच सांगते की वर्ष वाया गेलेलं नाही, लांबलंय.

खरी गोष्ट त्या रविवारच्या संध्याकाळची. होस्ट-आईने हसत विचारलं, "तुमच्याकडे जिना कोण पुसतं?" म्हटलं, जिन्याला सफाईवाला, आणि घरात मावशी येतात. "तुझ्या आईची बहीण?" नाही, नाही, कामाच्या मावशी. "अच्छा. फ्राऊ काय?"

इथे हे असंच असतं. होस्ट आई-बाबांना एकेरी आणि नावाने हाक मारायची, जे माझ्या तोंडून अजूनही निघत नाही, म्हणून मी "हालो" म्हणून वेळ मारून नेते. बाकी प्रत्येक मोठ्या माणसाला फ्राऊ किंवा हेर, आणि आडनाव. मला मावशींचं आडनाव आठवेना. आठवेना काय, माहीतच नव्हतं. मी पाचवीत होते तेव्हापासून त्या येतात. माझी दहावीची परीक्षा सुरू झाली त्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं होतं.

मी लगेच म्हटलं, आमच्यात आडनावाने कोणी बोलावत नाही, आम्ही नात्याने बोलावतो, ते जास्त जवळचं. हे खोटं नाही. पण मी ते जरा जास्तच जोरात म्हटलं, आणि होस्ट-आई नुसती "आख सो", म्हणजे "असं होय", म्हणाली.

रात्री आईला मेसेज केला. तिलाही आठवेना. तिने पगार पाठवते ते ॲप उघडून बघितलं, तर तिथे मावशींच्या मुलाचं नाव, तेही नुसतं. खातं त्याचं आहे. दुसऱ्या दिवशी आईने त्यांनाच विचारलं. मावशी म्हणाल्या, "ताई, परत कसला फॉर्म भरायचाय?" आईने सगळं सांगितल्यावर खूप हसल्या. आडनाव सांगितलं. इथे लिहीत नाही, कारण त्यासाठी त्यांना विचारलेलं नाही.

आणि माझ्यासाठी निरोप दिला: "तिला म्हणावं, जिना वरून खाली पुसतात."

पाटी परवा परत आली आहे. या वेळी शुक्रवारीच उरकून टाकणार.