रिव्हर्स कॅमेरा आणि पाऊस: ठिबक कुठून येत होती ते सापडलं

मंडळी, रिव्हर्स कॅमेऱ्याची लेन्स धुवायला लावलेलं पाण्याचं जेट ठिबकत होतं ना, त्यात दोष नोझलचा नव्हताच.

जेट बसवल्याचं मागच्या नोंदीत आलंय: डिकीच्या दारातल्या मागच्या वॉशरच्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) मारून, ४ मिमी आतल्या व्यासाची नळी नंबरप्लेटच्या वरच्या पट्टीपर्यंत. फवारा झकास, कोकणातला लाल चिखलही दोन सेकंदांत साफ. पण पंप बंद झाला की नोझल ठिबकत राहायचं, तेही नेमकं लेन्सवर. लेन्सचा उघडा भाग करंगळीच्या नखाएवढा. त्यावर बसलेला टपोरा थेंब म्हणजे दुसरी लेन्सच. रात्री रिव्हर्सच्या दिव्याचा उजेड त्यात फुटतो आणि स्क्रीनवर नुसता पांढरा गोळा. चिखल परवडला, निदान कडेने तरी दिसायचं.

कारण असं: मागच्या काचेचं नोझल वर स्पॉयलरमध्ये (काचेवरच्या पट्टीत), कॅमेरा त्याच्या साधारण ६० सेंमी खाली. पंप थांबला की नळी वरच्या नोझलमधून हवा ओढते आणि खालून रिकामी होते. ६० सेंमी नळीत साडेसात मिली पाणी, म्हणजे दीडशेच्या आसपास थेंब. मागच्या काचेवर पहिला फवारा उशिरा का यायचा, तेही यातच सुटलं. खात्री करायची तर ठिबक चालू असताना वरच्या नोझलवर बोट दाबून धरा. थांबली तर हाच रोग.

मग फिशटँकवाल्याकडचा वनवे व्हॉल्व्ह लावला. उपयोग शून्य, आणि होणारही नव्हता. तो उलटं येणारं पाणी अडवतो. इथे पाणी सुलट दिशेनेच गळतंय. ६० सेंमी पाण्याचा दाब जेमतेम ०.०६ बार, पण तेवढ्यातही तो उघडतो. इथे लागतो स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह, ०.२ बारच्या आसपास उघडणारा. वॉशर पंपाचा दाब त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे फवारा मंदावत नाही. बाण नोझलकडे, आणि व्हॉल्व्ह नोझलपासून ३-४ सेंमीवरच. पुढे जितकी नळी सोडाल तितकं पाणी गळायला मोकळं. फिशटँकचे प्लॅस्टिकचे टीसुद्धा डिकीत नकोत. दार आपटून आपटून नळी सुटते आणि पाणी आतल्या ट्रिमवर. गाडीचेच टी घ्या, वर क्लिप मारा.

ठिबक बंद. तरी दोन-तीन बारीक थेंब उरतातच, आणि तो दोष लेन्सवरच्या कोटिंगचा. पाणी झटकणारं कोटिंग पुढच्या काचेवर चालतं कारण ६०च्या वेगाला वारा थेंब पळवतो. रिव्हर्समध्ये वारा कुठला? थेंब गोल होऊन तिथेच बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोटिंग पुसून काढलं, तर पाणी पातळ पसरलं आणि चित्र किंचित मऊ, पण पूर्ण दिसलं. मात्र लेन्सचं कव्हर काचेचं आहे ना, ते आधी बघा; प्लॅस्टिकचं असेल तर नुसतं साबणाचं पाणी. टाकीत बोअरचं पाणी भरू नका, वाळलं की पांढरे डाग पडतात. एसीचं साठवलेलं पाणी फडक्यातून गाळून घेतलं की काम भागतं.

पुढची पायरी हवेची होती: १२ व्होल्टचा छोटा पंप, रिव्हर्सच्या दिव्यावरून रिले (विजेवर चालणारा स्विच), त्याच्या कॉइलवर उलटा झटका अडवायला वन-एन-४००७ डायोड, गिअर पडताच तीन सेकंद फुंकर. वायरिंगचा कागदही तयार आहे.

पण हे लिहितानाच डोक्यात आलं, फवारा वरून मारायचाच कशाला? नोझल लेन्सच्या बाजूला १५ मिमी सरकवून तिरका मारला, तर उरलंसुरलं ठिबकलं तरी बंपरवर पडेल, लेन्सवर नाही. पट्टीत ६ मिमीचं एक भोक, जुन्या भोकाला रबरी बूच. हवेचा पंप तूर्त खोक्यातच राहू दे.