हनुवटी उचलल्यावर काय काय बदलतं

बेल्जियमचे व्हायोलिनवादक सिगिस्वाल्ड कॉयकन (जन्म १९४४) यांनी १९६९ मध्ये व्हायोलिनवरची हनुवटी उचलली, म्हणजे जुन्या पद्धतीनं, हनुवटीनं न दाबता वाजवायला सुरुवात केली. त्यांच्या पुढच्या कामातलं बरंचसं त्यात आहे, असं माझं मत. व्हायोलिनवर बसवलेला हनुवटीचा आधार मुळात १८२०च्या सुमाराचा, व्हायोलिनवादक लुई श्पोर यांचा शोध. त्याआधीचे व्हायोलिनवादक जेमिनियानी १७५१ मध्ये लिहितात की वाद्य गळ्याच्या हाडाच्या जरा खाली टेकवावं. मग त्याच जुन्या काळातल्या बाखचं संगीत वाजवताना ते हनुवटीखाली दाबायचं कशाला?

ऐकायला सोपं, हाताला महाकठीण. वाद्य नुसतं टेकलेलं, तोल डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीच्या मुळाशी. वरच्या पोझिशनला (म्हणजे उंच सुरांसाठी हात तारेवर अंगाकडे सरकवून) जाताना फारसं बिघडत नाही, वाद्य अंगाकडेच ढकललं जातं. खाली उतरताना मात्र हात त्याला ओढतो आणि ते निसटतं. म्हणून आधी अंगठा मागे, मग बोटं, सुरवंटाच्या चालीनं. मोकळी तार वाजते तेवढ्यात हात उतरवता आला तर फारच छान. अशानं वादक पहिल्या पोझिशनमध्येच जास्त रमतो, मोकळ्या तारा जास्त ऐकू येतात, आणि सतत कंप देणं परवडत नाही, कारण हातासोबत वाद्यही हलतं. तो 'जुना' आवाज या अडचणींतूनच येतो.

आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून हाच प्रश्न सोडवलाय. वाद्य दोन्हीकडून पक्कं, हात मींडेला मोकळा.

कॉयकन यांच्या व्हायोलिनच्या तारा तातीच्या, म्हणजे प्राण्यांच्या आतड्याच्या. सूर ४१५ हर्ट्झ, म्हणजे ४४०पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. हवेतला ओलावा बदलला की सूर हलतो, आणि सर्वांत बारीक तारेचे तंतू आधी सुटतात.

१९७२ मध्ये त्यांनी 'ला पेतित बांद' हा वाद्यवृंद उभा केला. निमित्त सतराव्या शतकातले फ्रेंच दरबारी संगीतकार लुली यांच्या संगीताचं ध्वनिमुद्रण, संचालक हार्पसिकॉर्डवादक गुस्ताव लेओनहार्ट. पुढे कॉयकन स्वतः संचालन करू लागले. बाखच्या कँटाटांतून (गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या, बहुतांशी धार्मिक रचनांतून) त्यांनी समूहगायकच काढले: आवाजाच्या प्रत्येक भागाला (सोप्रानो, बास वगैरे) एकच गायक. मोठ्या समूहाची सवय असलेल्या कानाला ते आधी पोकळ वाटतं, मग शब्द कळू लागतात.

२००४ मध्ये दमित्री बाद्यारोव यांनी बनवलेला, पट्ट्यानं गळ्यात अडकवायचा छोटा पाच तारांचा चेलो त्यांनी हाती घेतला आणि बाखचे चेलोसाठीचे सहाही स्वीट (नृत्यांवर बेतलेल्या तुकड्यांच्या मालिका) त्यावर वाजवले. बाखच्या मनात हेच वाद्य होतं का, यावर वाद आहेच. पण सहावा स्वीट पाच तारांसाठीच लिहिलाय. खरी अडचण खर्जाची: तार इतकी आखूड की धातूची जड गुंडाळी दिल्याशिवाय ती तिथवर पोचतच नाही.