सागरच्या पुरुषाचा शोध: पौष आणि मार्गशीर्ष यांचा मेळ बसला

सागरच्या पुरुषाची, म्हणजे कोकणातून बुंदेलखंडातल्या सागरला जाऊन राहिलेल्या आमच्या पूर्वजाची, मृत्युतिथी अखेर निश्चित झाली आहे, आणि मागच्या टिपणात मांडलेली वंशावळ त्यामुळे एका जागी बदलावी लागत आहे.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतील, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदवहीतील, त्याचा लेख आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. सन अर्बा खमसैन मया व अलफ, म्हणजे १७५३-५४, वस्ती सागर, निसबत (म्हणजे चाकरीत) गोविंद बल्लाळ. नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच गोविंदपंत बुंदेले, यांच्याबरोबर कोकणातून जी माणसे मराठी राज्याच्या त्या उत्तर सीमेवर गेली, त्यांतलाच हा एक. यापुढे मात्र त्याचा माग दुभंगत होता. कोकणच्या घरात त्याचे श्राद्ध मार्गशीर्ष वद्य अष्टमीला होत आले आहे, तर सागरच्या शाखेने कळवलेली तिथी पौष वद्य अष्टमी, संवत १८१७ अशी होती. आमच्या कुलवृत्तांताच्या, म्हणजे छापील कुळाच्या इतिहासाच्या, संपादकांनी यातून दोन माणसे केली: एक काका आणि एक त्याच नावाचा पुतण्या. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमीची असल्यामुळे पुतण्या तेथे जखमी होऊन पंधरा दिवसांनी वारला, ही कथाही त्याला जोडली गेली आणि पुढच्या प्रत्येक वंशावळीत उतरली.

या पुतण्याचा पिता कोण, हे कोणत्याही कागदावरून ठरत नव्हते आणि सारा शोध तेथेच अडून बसला होता. आता प्रयागच्या पंड्यांच्या (तीर्थपुरोहितांच्या) वहीतील एका नोंदीचे छायाचित्र मिळाले आहे. सागरच्या पुरुषाच्या नातवाने ती स्वहस्ते लिहिली असून तीत आजोबांचे नाव, त्यांच्या पित्याचे नाव, मृत्युतिथी आणि वार हे सर्व दिलेले आहे. पित्याचे नाव नाशिकच्या लेखातलेच आहे. तिथी मात्र पुन्हा पौष वद्य अष्टमी, आणि वार सोमवार.

जुन्या तिथींच्या इंग्रजी तारखा देणारी मोडक जंत्री उघडली. शके १६८२, म्हणजेच संवत १८१७, मधील पौष वद्य अष्टमी २८ जानेवारी १७६१ रोजी येते आणि तो दिवस बुधवार आहे. मार्गशीर्ष वद्य अष्टमी मात्र २९ डिसेंबर १७६० रोजी, सोमवारी येते. उलगडा महिन्यांच्या गणनेत आहे. नर्मदेच्या दक्षिणेला आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो; त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच राहते, परंतु आपला मार्गशीर्ष वद्य हा तिकडे पौष वद्य ठरतो. नातवाची लिपी वळणदार मोडी आहे, म्हणून मितीही (तिथीची नोंदही) दक्षिणी असणार असे कोणालाही वाटावे; पण तिसऱ्या पिढीपर्यंत त्या घराचे पंचांग बुंदेलखंडी झाले होते. काका आणि पुतण्या हा एकच माणूस होता. जंत्रीच्या पानावर तो सोमवार जुळला तेव्हा झालेला आनंद येथे मनापासून नोंदवून ठेवतो.

येथे साधनांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. मिती बदलून देणारी मोबाइल अॅप्स आपण कोणता मासक्रम धरला आहे हे पुष्कळदा सांगतच नाहीत, त्यामुळे वद्य पक्षाच्या तिथीसाठी मी त्यांच्यावर विसंबणार नाही. तसेच वहीच्या पानाची काळी-पांढरी झेरॉक्स कधीही स्वीकारू नये; या नोंदीतील वाराचे अक्षर फिकट शाईत होते आणि ते केवळ रंगीत छायाचित्रात, तेही तिरप्या प्रकाशात घेतलेल्या प्रतीत वाचता आले.

पानिपतची कथा आता टिकत नाही, कारण हा पुरुष लढाईच्या सोळा दिवस आधीच वारला होता. त्याच डिसेंबरात अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, अब्दालीची रसद तोडत असताना त्याचा सरदार अताईखान याच्या फौजेने अचानक गाठून गोविंदपंतांना मारले. आमचा पुरुष त्यांच्याच निसबतीत असल्यामुळे तो त्या छाप्यात जखमी झाला असावा, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करण्यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन पेशव्यांच्या रोजकीर्दींत (रोजच्या हिशेबवह्यांत) बालपरवेशीची, म्हणजे कामी आलेल्याच्या मुलाबाळांना दिलेल्या नेमणुकीची, नोंद शोधावी, असे ठरवले होते.

परंतु हे लिहीत असतानाच प्रयागच्या नोंदीतील एका शब्दाकडे पुन्हा लक्ष गेले: नातू स्वतःला 'माफीदार', म्हणजे सारामाफीची जमीन धारण करणारा, म्हणवतो. कुटुंबाला जमीन मिळाली असेल, तर ती हुजुरातून, म्हणजे थेट पेशव्यांकडून, मिळण्यापेक्षा गोविंदपंतांचे पुत्र बाळाजी गोविंद यांच्याकडून मिळाल्याचा संभव अधिक आहे, आणि तसे असल्यास तिची सनद पुण्यात सापडणार नाही. सागर १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेल्यावर जुन्या माफी जमिनींची चौकशी झाली, आणि अशा चौकशीत माफी कोणी, कोणाला व कशाबद्दल दिली हे विचारले जात असे. म्हणून रोजकीर्दींचे काम मागे ठेवून आधी सागर जिल्ह्याच्या माफी चौकशीचे कागद पाहणार आहे. त्या कागदांचे रुमाल (कापडात बांधलेली दप्तरे) किंवा इंग्रजी याद्या आपल्यापैकी कोणी चाळल्या असतील, तर दक्षिणी माफीदारांची नावे कोणत्या परगण्याखाली लावलेली आहेत तेवढे कळवावे. गावाचे नाव नोंदीत फाटलेल्या कडेवर आहे आणि त्याची केवळ शेवटची दोन अक्षरे, 'पुरा', शिल्लक आहेत.