‘हे कुणी ठरवलं होतं?’ : दुहेरीकरणाच्या कामावरचा माझा अनुभव

पुणे–मिरज रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणात सातारा जिल्ह्यातल्या एका पट्ट्यावर मी नियोजनाचं काम बघत होते. कामावर देखरेख करणाऱ्या सल्लागारांकडून माझी नेमणूक होती. दुहेरीकरण म्हणजे चालू लाइनीला खेटून दुसरी लाइन टाकायची. एकीकडे गाड्या धावत असतात आणि काही मीटरवर रोलर भराव दाबत असतो. अशा कामात रिस्क रजिस्टर, म्हणजे संभाव्य जोखमींची नोंदवही, ठेवावंच लागतं, आणि आमच्याकडेही ते होतं. ‘जमीन मिळण्यास विलंब – जास्त. पावसाळा – मध्यम. ब्लॉक न मिळणे – जास्त.’ (ब्लॉक म्हणजे कामासाठी ठरावीक वेळ लाइनीवरची वाहतूक बंद ठेवणं.) दर महिन्याला तारीख बदलायची, जोखीम किती ते दाखवणारे रंग तेच. यातली एकही ओळ खोटी नव्हती. पण ती वाचून उद्या सकाळी कुणी काय करायचं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

हे बदलायला हवं असं वाटत होतंच, पण कसं, ते कोरेगावच्या बाजूला रुळांखालून पाणी जाण्यासाठी बांधलेल्या एका मोरीपाशी कळलं. नव्या भरावाच्या पायथ्याची आखणी चालू होती. शेजारच्या रानातून एक आप्पा आले आणि चुन्याच्या रेघेकडे बोट करून म्हणाले, “आवं ताई, हितनं आमची पायपलाइन गेलीया. मागल्या पावसाच्या आधी तुमच्याच सायबास्नी दावलीया की. केसिंग टाकून दिऊ म्हनलं हुतं त्येंनी.”

आमच्या नकाशात तिथे काहीच नव्हतं. पण आप्पांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. नदीवरून पाणी उचलून रानात नेणाऱ्या सामायिक योजनेची ती पाइपलाइन होती. आमच्या भागात अशा लाइनी रुळांखालून जागोजाग गेलेल्या आहेत. ती तशीच भरावाखाली गाडली असती आणि पुढे फुटली असती, तर आतल्या आत माती भिजून भराव खचला असता. म्हणून मोठ्या व्यासाचा केसिंग पाइप आधी टाकतात आणि पाण्याची लाइन त्याच्यातून ओढतात, म्हणजे दुरुस्तीसाठी भराव उकरावा लागत नाही. त्या वेळच्या अभियंत्यांनी निर्णय अगदी योग्य घेतला होता. पण तो तोंडी होता आणि पुढे त्यांची बदली झाली. केसिंगची व्यवस्था होईपर्यंत तेवढ्या भागातलं काम थांबलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की निर्णय झालेला होता आणि तरीही तो कुठेच नव्हता. रेल्वेच्या कामात अधिकारी बदलतात, कंत्राटदाराचे सुपरवायझर बदलतात, सल्लागारांची माणसंही बदलतात. आप्पा तेवढे तिथेच असतात.

मग आम्ही दोन्ही टोकांनी सुरुवात केली. आधी रजिस्टर. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे: हे कशामुळे घडेल, घडायला लागलंय हे कशावरून कळेल, आणि त्यावर नजर कुणाची? नजर ठेवणाऱ्याच्या जागी खात्याचं नाव चालणार नाही, माणसाचंच नाव हवं, यावर मी अडून बसले.

‘जमीन मिळण्यास विलंब’ या एका ओळीच्या मग कितीतरी ओळी झाल्या. त्यातली एक अजून डोळ्यांसमोर आहे. एका गावात संयुक्त मोजणी रखडली होती आणि कारण लिहिलं होतं ‘ग्रामस्थांचा विरोध’. तिथे जाऊन बसल्यावर कळलं, की विरोध वगैरे काही नव्हता, रानात ऊस उभा होता. डोक्याच्या वर गेलेल्या उसात ना हद्दीचे दगड सापडत ना समोरची खूण दिसत. आणि हाताशी आलेलं पीक मोजणीसाठी कोण तुडवू देईल? त्यामुळे ती ओळ नव्याने लिहिली: ‘ऊस तुटल्याशिवाय मोजणी नाही, कारखान्याच्या गट ऑफिसातून तोडणीचा प्रोग्राम घेऊन त्याप्रमाणे भूमी अभिलेखकडे तारीख मागणे.’ आता नजर कशावर ठेवायची हे स्पष्ट होतं. गट ऑफिसला फोन करायचं काम ज्या सर्वेअरकडे दिलं, तो त्याच भागातला. तोडणीच्या टोळ्या कुठवर आल्यात हे त्याला आमच्या कुठल्याही तक्त्याच्या आधी कळायचं.

पावसाळ्याचंही तसंच. ‘पावसाळा’ ही जोखीम नाही, तो दरवर्षी यायचाच. जोखीम ही, की काळ्या मातीच्या पट्ट्यातला भराव वरच्या ब्लँकेटिंगच्या, म्हणजे खडीखालच्या निवडक भरड साहित्याच्या, थराशिवाय जूनमध्ये उघडा राहील. म्हणजे मुरूम आणि ब्लँकेटिंगचं साहित्य कधीपर्यंत साइटवर पोचायला हवं ती तारीख महत्त्वाची, आणि रजिस्टरात तीच हवी.

ब्लॉकच्या ओळीमागे तर अख्खी साखळी निघाली. स्टेशनात नवी लाइन जोडायची तर शेवटी नॉन-इंटरलॉकिंगचं काम येतं, म्हणजे सिग्नल आणि रुळांचे सांधे एकमेकांशी बांधून ठेवणारी इंटरलॉकिंग यंत्रणा तात्पुरती बंद ठेवून करायचं काम. त्या काळात गाड्या रद्द होतात, वळवल्या जातात, लोकांचे हाल होतात. पण यार्डाचा आराखडा पक्का झाल्याशिवाय सिग्नलचा इंटरलॉकिंग आराखडा होत नाही, तो मंजूर झाल्याशिवाय पुढचं सर्किट, साहित्य, चाचण्या काहीच नीट सुरू होत नाही. ब्लॉक मिळेल की नाही याची काळजी आम्ही शेवटच्या टप्प्यावर करत होतो. खरी जोखीम कितीतरी आधी, आराखड्यावर कुणाची सही अडली आहे, तिथे बसलेली होती.

दुसरं टोक निर्णयांचं. हे जास्त अवघड गेलं. निर्णय सगळीकडे विखुरलेले होते: साइट ऑर्डर बुकात, बैठकीच्या मिनिट्समध्ये, पत्रांत, आणि बहुतेक व्हॉट्सअॅपवर, फोटोखाली ‘ओके, प्रोसीड’ एवढंच. आम्ही साधी शीट केली, नवं सॉफ्टवेअर मुद्दाम घेतलं नाही. प्रत्येक निर्णयाला क्रमांक द्यायचा. काय ठरलं, दुसरे कोणते पर्याय होते, कुणाच्या अधिकारात, कुणाला कळवलं, रजिस्टरातल्या कोणत्या जोखमीशी जोडलेलं आहे, हे सगळं त्यात. पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा रकाना वेगळाच होता: ‘त्या दिवशी काय माहीत होतं’.

याच रकान्यावरून वाद झाला. एक ज्येष्ठ अधिकारी मला स्पष्ट म्हणाले, “मॅडम, लिहिलं की अडकलो. उद्या ऑडिटला उत्तर आम्हाला द्यायचंय.” त्यांची भीती निराधार नव्हती. चार वर्षांनी कुणीतरी फाइल उघडतो, तोवर सगळं घडून गेलेलं असतं, आणि मग ‘हे आधीच कळायला नको होतं का?’ हा प्रश्न विचारणं सोपं असतं. मी त्यांना मोरीचीच नोंद काढून दाखवली. ‘पाइपलाइन नकाशात नाही, लाभधारकांनी प्रत्यक्ष दाखवली, उकरून खात्री केली, लाइन वळवणे हा दुसरा पर्याय, त्याला जमीन लागते, म्हणून केसिंग.’ त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, “यात उकरल्याचा फोटो आणि लाभधारकांची सही जोडा.” त्यानंतर त्यांच्याकडून येणाऱ्या नोंदी आमच्यात सगळ्यांत नेटक्या असायच्या.

या रकान्याचा दुसरा उपयोग पुराच्या बाबतीत लक्षात आला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. अशा पुरानंतर जुन्या पूरपातळीवर बेतलेला प्रत्येक निर्णय पुन्हा बघावा लागतो: मोऱ्यांची रुंदी, भरावाची उंची, साहित्य साठवायच्या जागा. पण कोणते निर्णय त्या पातळीवर बेतलेले होते हे लिहिलेलंच नसेल, तर बघायचं काय? आमच्या शीटमध्ये आता ‘पूरपातळी’ शब्द शोधला, की ते सगळे निर्णय एकाखाली एक येतात.

चालण्याबोलण्यात जे बदललं ते थोडक्यात सांगते. नोंदी मराठीत चालतील असं ठरवलं आणि सुपरवायझर मंडळी आपणहून लिहू लागली. ‘इथं जेसीबी लावायच्या आधी सिग्नलची केबल कुठनं गेलीय ते बघा’ ही अशीच खालून आलेली नोंद. खोदण्याआधी इंजिनिअरिंग आणि सिग्नल दोघांनी मिळून केबलचा मार्ग तपासायची कार्यपद्धती रेल्वेत आहेच, पण केबल तुटली की सिग्नल जातो आणि मागे गाड्या खोळंबतात, हे ज्याने जवळून पाहिलंय तोच ते वेळेवर आठवून देतो. व्हॉट्सअॅप बंद केलं नाही, करता येणारही नव्हतं. फक्त क्रमांक पडल्याशिवाय तो निर्णय धरायचा नाही, एवढा नियम केला. आणि आठवड्याच्या बैठकीत रंगांचा तक्ता दाखवणं सोडून ज्या जोखमींची तारीख येत्या पंधरवड्यात येते तेवढ्याच वाचायला घेतल्या. बैठक लहान झाली आणि लोक तयारी करून यायला लागले.

नव्या लाइनीवर प्रवासी गाडी सोडण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी असते. हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, रेल्वे खात्याच्या नाही, आणि ते योग्यच आहे. तपासणीसाठी पूल, मोऱ्या, भराव यांची कागदपत्रं जुळवताना मूळ आराखड्यापेक्षा जिथे जिथे वेगळं केलं होतं, तिथलं कारण आणि मंजुरी आम्हाला क्रमांकावरून काढता आली.

कंत्राटदाराचं रजिस्टर मात्र अजून वेगळंच आहे. जोखीम उघड लिहिली तर पुढे दाव्यात आपल्याच विरोधात वापरली जाईल, असं त्यांना वाटतं. निदान जमीन, केबल आणि पाइपलाइन या तीन विषयांच्या नोंदी दोघांनी एकाच शीटमध्ये ठेवाव्यात, असा मसुदा मी त्यांना दिला आहे. पाइपलाइनचं त्यांनी मान्य केलंय, बाकी दोन्हींवर बोलणं चालू आहे.