ती तिकडची मॅडम होणार आहे

सुमननं ते सहज म्हटलं. वहीत मान घालून, पेन्सिलीचं टोक चाटत. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा. निम्म्या वर्गाचं मन आधीच आई-बापांना ऊसतोडीला नेणाऱ्या ट्रकमध्ये जाऊन बसलेलं. धडा पुढे सरकेना म्हणून मी एकेकाला विचारत सुटले होते, मोठेपणी कोण होणार. पोलीस, कंडक्टर, मुकादम, पुन्हा पोलीस. सुमन म्हणाली, "मी मॅडम होणार." मला केवढं बरं वाटलं. विचारलं, "आपल्याच शाळेत का गं?"

"न्हाई. तिकडं. साखर कारखान्यावर. तिकडं कुनीच नसतंय शिकवायला."

एवढंच. मागच्या बाकावरच्यानं लगेच ट्रॅक्टर घेणार असल्याचं जाहीर केलं, पोरं हसली, खिचडीची वेळ झाली.

मला मात्र ते जिवाला लागलं. का लागलं ते कळत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी वाटलं, ती आपल्याकडे यायला नाही म्हणाली म्हणून असेल. चौथीतली पोर. तिला पहिलीपासून हाताला धरून अक्षर काढायला शिकवलं. तिला माझ्यासारखं व्हायचंय, पण माझ्या जागी नाही, असा काहीतरी रुसवा. पण तसं नाहीये. रुसवा असता तर एव्हाना गेला असता. हे काहीतरी दुसरंच आहे, आणि भांडी घासताना, हजेरी मांडताना, गाडीला किक मारताना ते पुन्हा पुन्हा वर येतंय. तिकडं कुणीच नसतं.

नसतंच. मला माहीत नाही का? मी कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढलेय. कोपीत मोठ्या माणसाला धड उभं राहता येत नाही. पहाटे तीन-चारला आई-बाप कोयते घेऊन फडात गेले की मागं उरायची मी, पाण्याचा हंडा आणि झोळीतला धाकटा भाऊ, बारक्या. झोळीचा दोर मी पायाच्या अंगठ्यात अडकवायचे, म्हणजे हात मोकळे राहायचे. त्या मोकळ्या हातांनी मी राखेत अंक गिरवायचे. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. गावाकडच्या शाळेत दिवाळीपर्यंत जेवढं झालं तेवढंच पुन्हा पुन्हा. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परत येईतो वर्गातली पोरं गुणाकाराच्या पुढे गेलेली असायची आणि मी अजून हातच्याच्या वजाबाकीत.

लोक विचारतात, तू मास्तरीण का झालीस, आणि तीही असल्या वस्तीवर. त्यांना बहुतेक काहीतरी उदात्त ऐकायचं असतं. माझं उत्तर एक माणूस आहे. गुरुजी. त्यांनी तिसरीच्या वर्षी आमच्या ओट्यावर बसून बापूंना, माझ्या वडलांना, सांगितलं, यंदा पोरगी न्यायची नाही. म्हातारीपाशी ठेवा, भाकरीचं मी बघतो. त्यांनी बघितलं. सहा महिने संध्याकाळची भाकरी त्यांच्या घरून आली, काकूंच्या हातची, वर लसणाच्या चटणीचा गोळा. ती भाकरी खाताना मी ठरवलं की आपण हेच व्हायचं. दारात जाऊन "पोरगी न्यायची नाही" म्हणणारं माणूस.

बापू तेव्हा एकच म्हणाले होते, "मंग बारक्याला कोन बघंल?"

गुरुजींपाशी त्याचं उत्तर नव्हतं. मी राहिले, बारक्या गेला. त्या हंगामात आईनं त्याला फडाच्या कडेला ठेवून ऊस तोडला. पुढचं मी इथं लिहिणार नाही.

तर मी झाले. डी.एड., मग टीईटी ही पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची ती न संपणारी वाट. २०१९ ला नेमणूक मिळाली तेव्हा समुपदेशनाला, म्हणजे शाळा निवडायला बोलावतात तिथं, सगळे डांबरी रस्त्याकडेच्या शाळा हेरत होते. माझा नंबर आला तेव्हा त्यातल्या एक-दोन शिल्लक होत्या. मी ही वस्ती घेतली, कारण यादीत गाव बघितलं आणि मला माहीत होतं की इथली सगळी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. बालाघाटाचा माथा, पाणी नाही, रान खडकाळ, आणि घरटी एक कोयता. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल म्हणून आगाऊ पैसे देतो ते जोडीला. एकटा माणूस अर्धा कोयता.

तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून सहा हजार मानधन. २०२३ पासून ते सोळा हजार झालं, तोवर माझी तीन वर्षं भरली होती. असो. त्या सहा हजारांतून खोलीचं भाडं, पेट्रोल, आणि मागं राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी येईपर्यंत पोरांच्या शिध्याची पदरमोड. मंजुरी यायची तेव्हा यायची, पण ट्रक काही तिच्यासाठी थांबत नाही. आई-बाप ट्रकमध्ये चढतात त्या रात्री पोराच्या जेवणाची खात्री कुणीतरी द्यावी लागते, आणि ती मी देते. दरवर्षी देते. दारोदार जाते, हातापाया पडते, आज्यांना समजावते. ह्यांचं म्हणणं, तालुक्याला बदली करून घे, आपली शिवन्या मोठी होतेय. आई म्हणते, आम्ही तुला ह्यातनं बाहेर काढायला शिकवलं आणि तू पुन्हा त्यातच जाऊन बसलीस. बदलीचा फॉर्म निघाला की घरात दोन दिवस अबोला असतो.

हे सगळं कुणासाठी? आज दुपारी खरंच असं वाटलं. एवढं करून त्या पोरीच्या तोंडी "तिकडं कुनीच नसतंय". माझं असणं तिच्या हिशेबात कुठं आहे? रडू आलं, खोटं कशाला सांगू. स्टोअरच्या खोलीत तांदळाच्या कट्ट्यावर बसून रडले.

मग डोळे पुसून कपाट आवरायला घेतलं, तर गेल्या हंगामातली शिक्षण हमी कार्डं हाती लागली. जी पोरं जातातच, त्यांच्याबरोबर आम्ही हे कार्ड देतो. त्यावर नाव, इयत्ता, काय येतं काय येत नाही. जिथं जातील तिथल्या शाळेनं ते बघून मूल बसवून घ्यायचं आणि परत येताना नोंद करून द्यायची. सुमनचंही होतं. गेल्या वर्षी ती गेली होती, मी थांबवू शकले नाही. चौघडी घातलेलं, घडीवर फाटलेलं, एका कोपऱ्याला रसाचा चिकट डाग. वरचा अर्धा भाग माझ्या अक्षरात गच्च भरलेला. 'वाचन उत्तम. भागाकार सुरू.' खालचा अर्धा, त्या शाळेच्या शिक्क्याचा, कोरा. सगळ्या कार्डांचा खालचा अर्धा कोरा.

मी ती कार्डं दरवर्षी परत घेते आणि कपाटात ठेवते. कोरा भाग मला दिसत नव्हता असं नाही. पण माझी सगळी धडपड वरच्या अर्ध्या भागासाठी. त्याच्याही आधीची, खरं तर. कार्ड लिहायची वेळच येऊ नये ह्यासाठीची. सुमन मात्र त्या कोऱ्या भागात राहून आलीय. तिनं तिथं माणूस नाही हे बघितलं, आणि ठरवून टाकलं की मग आपणच जाऊ.

तेच तर मी केलं होतं! मला दारात येऊन थांबवणारं माणूस मिळालं, म्हणून मी थांबवणारी झाले. तिला जिथं कुणी मिळालं नाही, तिथं ती जायचं म्हणतेय. आता कळतंय काय टोचत होतं ते. माझ्या वर्गात कुणालातरी शिकवावंसं वाटलं, त्याचं कारण मी नाही. कारण ते रिकामपण आहे. आणि तिचं कारण माझ्या कारणापेक्षा कणखर आहे असं मला वाटतंय. माझ्यात गुरुजींचं ऋण आहे. तिच्यात ऋण कुणाचंच नाही, नुसती गरज दिसलीय.

डी.एड.ला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या दोघींवर टीप पाठ केली होती. बोर्डीला १९४५ मध्ये सुरुवात, मग १९५७ ला कोसबादची टेकडी, वारल्यांची पोरं. कुरणशाळा लिहिलं की एक गुण हमखास. पोरं गुरं राखायला रानात जातात, शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची. हे मी परीक्षेत इतक्या वेळा लिहिलं की ते किती मोठं होतं हे वाटेनासंच झालं. आणि विकासवाडी! पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. कारण मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं असतं, आणि त्या धाकट्याची सोय लागल्याशिवाय बहीण वर्गात बसूच शकत नाही. बापूंच्या प्रश्नाचं उत्तर होतं ते. बापूंनी विचारायच्याही किती आधी कुणीतरी देऊन ठेवलेलं. आमच्या ओट्यापर्यंत ते पोचलंच नाही.

तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी कारखान्यांवर साखरशाळा होत्या ना, असं कुणी म्हणेल. होत्या, काही ठिकाणी चांगल्या चालल्याही. मग शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि मूल जवळच्या नियमित शाळेत घालायचं ठरलं. तत्त्व बरोबरच आहे. तोडणीवाल्याच्या पोराला वेगळी, कमी प्रतीची शाळा का म्हणून? पण जवळची म्हणजे कुणाच्या जवळची? टोळी आज ह्या शिवारात, पंधरवड्यानं दुसऱ्या. कर्नाटकात गेलेल्याला फळ्यावर कन्नड. आणि कडेवर बारकं आहेच. त्या बारक्याला कुठल्याच पटावर जागा नाही.

सुमनच्या आईकडे संध्याकाळी गेले होते. पेटी भरणं चाललं होतं. तिनं चहा टाकला आणि मी विषय काढायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, यंदा नगा म्हनू. सासूबाईंचा गुडघा गेलाय, त्यांनाच कुनी बघायला पायजे. अन् ह्याला तिकडं कोन बघंल?" मांडीवरचं पोर माझ्याकडे बघून हसत होतं. जानेवारी २०२४ ला तोडणीचा दर टनाला २७३ चा ३६६ झाला तेव्हा हीच बाई म्हणाली होती, आता दोन वर्षांत उचल फिटंल. फिटली नाही. तिला मी काय सांगणार होते? तरी सांगितलं. सुमनला ठेवा, आजी-नातीचं दोन वेळचं जेवण मी बघते. ती गप्प राहिली. सुमन चुलीपाशी बसून भावाची झबली घडी घालत होती. आमचं बोलणं तिला ऐकू येत होतं, पण ती मध्ये पडली नाही, तिनं हट्टही केला नाही.

आधी असं झालं की मी हरल्यासारखी घरी यायचे. आज तसं झालं नाही. राहिली तर राहिली, मला हवंच आहे, परवा पुन्हा जाणार आहे विचारायला. पण गेली तर तिचं जाणं हा माझ्या कामाचा शेवट धरायचा, हे कुठं लिहिलंय? ती जिथं जाईल तिथंही ती माझीच विद्यार्थिनी आहे. हजेरीपुस्तकाला कळत नसेल, मला कळतं.

वही काढून यादी केली. कोणाची टोळी, कोणता मुकादम, कोणता कारखाना, कोणता गट. सहा वर्षांत ही यादी मी एकदाही केली नव्हती, कारण केली तर पोरं जाणार हे मान्य केल्यासारखं वाटायचं. पाच घरं सांगलीकडे एकाच कारखान्याला आहेत. त्या भागात माझी डी.एड.ची मैत्रीण आहे, जिल्हा परिषदेच्याच शाळेवर. फोन केला. ती म्हणाली, कोप्या माझ्या शाळेपासून दीडएक किलोमीटरवर पडतात, पण आजवर कुणी सांगितलंच नाही की कोण येतंय. बारक्यांचं विचारलं, तर म्हणाली, अंगणवाडीच्या ताई चांगल्या आहेत, बोलून बघते. बोलून बघते म्हणजे होईलच असं नाही, हे आम्हां दोघींनाही ठाऊक आहे. तरी तिनं नावं मागून घेतली, वयांसकट.

मुकादमाचा फोन लागत नाहीये. उद्या सकाळी शाळेआधी त्याच्या घरीच जाते. ट्रक कधी निघणार हे कळलं की कार्डं लिहायला घेईन. ह्या वेळी भावंडांची नावंही लिहिणार आहे, रकाना नसला तरी.