तुम्ही विचारलंत म्हणून : आमचं तिकडं जायलंय, तिकडचं इकडं का येईना?

लातूरच्या मार्केट यार्डातली आडत असो, ट्यूशन एरियातले क्लासेस असोत की जालन्याच्या एमआयडीसीतली सळईची फॅक्टरी, इंटरनेटवर चालणारे फोन बसवून दिले की काही दिवसांनी तक्रार येते ती ठरलेलीच. "सर, आमचं तिकडं जायलंय, पण तिकडचं आम्हाला काहीच ऐकू येईना गेलंय." आणि लगेच दुसरा बाण : "याच वायफायवर व्हॉट्सॲपचा कॉल झकास चालतो की. मग तुमच्याच फोनला काय धाड भरली?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर उत्तर देताना मी "राउटरची सेटिंग आहे, बघतो" एवढंच म्हणतो, कारण समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. आज जरा सविस्तर सांगतो.

आधी एक उफराटी गोष्ट. ज्याला ऐकू येत नाही, तो माणूस समोरच्यावर ओरडतो, "अहो, मोठ्यानं बोला!" समोरचा बिचारा मोठ्यानंच बोलत असतो. बहुतेक वेळा चूक ऐकू न येणाऱ्याच्याच ऑफिसात असते. समोरच्याने त्याचा आवाज कुठे पाठवायचा हे त्याला आपल्याच फोनने सांगितलेलं असतं, आणि ते चुकीचं सांगितलेलं असतं.

इंटरनेट फोनमध्ये कॉल लागणं आणि आवाज जाणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. कॉल लावणं, घंटी वाजवणं, उचलला-ठेवला हे कळवणं, हे सगळं एसआयपी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी बोलायची ठरलेली पद्धत, करतो, बहुधा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून. (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरचं क्रमांक घातलेलं दार.) आवाज त्या वाटेने जातच नाही. तो आरटीपी नावाच्या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या पुड्यांतून, म्हणजे पॅकेटांतून जातो, वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून, सेकंदाला पन्नास. त्याचे पोर्ट वेगळे. ॲस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे ऑफिसचे फोन जोडणाऱ्या यंत्रात, ते सहसा १०००० ते २०००० च्या दरम्यान असतात. म्हणून घंटी वाजली, नंबर दिसला, फोन उचलला याचा अर्थ आवाजाची वाट मोकळी आहे असा होत नाही.

आता आवाजाची वाट ठरते कशी? एसआयपीच्या पहिल्याच निरोपात फोन लिहितो, "माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर पाठवा." आणि फोनला स्वतःचा पत्ता माहीत असतो तो राउटरने वाटलेला : १९२.१६८.१.२०. एखाद्याने लग्नपत्रिकेत पत्ता म्हणून फक्त 'मारुतीच्या पाराजवळ' छापावं, तसा हा पत्ता. गावात तो शंभर टक्के बरोबर. पण मारुतीचा पार नाही असं गाव मराठवाड्यात दाखवा! १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. ते घराघरांत, ऑफिसा-ऑफिसांत तेच ते वापरायचे आणि इंटरनेटवर चालवायचे नाहीत, असा नियम आहे.

मग इतर सगळं इंटरनेट कसं चालतं? राउटर पुडीवरचा आतला पत्ता खोडून आपला बाहेरचा पत्ता घालतो आणि कुणाची पुडी कुठल्या पोर्टवरून बाहेर गेली याची नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद बघून ज्याचं त्याला देतो. याला नॅट म्हणतात. इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत म्हणजे आयपी आवृत्ती चार (आयपीव्ही४), तिचे सगळे मिळून पत्ते साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसायला लागल्यावर १९९४ मध्ये ही युक्ती मांडली गेली, तीही तात्पुरती म्हणून. आपल्याकडची तात्पुरती कामं किती टिकतात ते वेगळं सांगायला नको.

घोळ असा की नॅट पुडीवरचा पत्ता बदलतो, पुडीच्या आत काय लिहिलंय ते वाचत नाही. आतला १९२.१६८.१.२० तसाच पोचतो. कॉल जोडणारा पलीकडचा सर्व्हर प्रामाणिकपणे त्या पत्त्यावर आवाज पाठवतो आणि तो कुठेच पोचत नाही. आपला आवाज मात्र जातो, कारण सर्व्हरने दिलेला पत्ता खरा, बाहेरचा असतो. झालं एकतर्फी बोलणं.

हे डोळ्यांनी बघता येतं. मी एक्स्चेंजवर एसएनग्रेप, म्हणजे एसआयपीचे निरोप दाखवणारा प्रोग्रॅम, चालू करतो, फोन लावायला सांगतो आणि इन्व्हाइट, म्हणजे कॉल लावतानाचा पहिला निरोप, उघडतो. खालच्या भागात 'सी' ने सुरू होणारी ओळ असते, तिच्यात आवाजाचा पत्ता. तिच्याखाली 'एम' ची ओळ, तिच्यात पोर्ट. बाहेर जाणाऱ्या निरोपात 'सी' पुढे १९२.१६८ किंवा १०. ने सुरू होणारा आकडा दिसला की निम्मं निदान झालं. यावर दोन औषधं. एक, एक्स्चेंज आपल्याच ऑफिसात असेल तर त्याला बाहेरचा पत्ता आणि आतलं जाळं कोणतं ते सांगून ठेवायचं, म्हणजे बाहेर लिहिताना तो खरा पत्ता लिहील. दोन, एक्स्चेंज बाहेर डेटा सेंटरमध्ये असेल तर त्याला सांगायचं की लिहिलेल्या पत्त्यावर विश्वास ठेवू नकोस, फोनचा आवाज प्रत्यक्ष जिथून येतोय तिथेच परत पाठव. ॲस्टरिस्कच्या नव्या पद्धतीत याला आरटीपी सिमेट्रिक म्हणतात. मला दुसरं औषध जास्त आवडतं, कारण त्यात ऑफिसातल्या कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

पहिल्या औषधाला आपल्याकडे एक खास पथ्य आहे, ते म्हणजे लाईट. लाईट जाते, राउटर बंद पडतो, एक्स्चेंज इन्व्हर्टरवर चालूच राहतो. लाईट येते, राउटरला कंपनीकडून नवा पत्ता मिळतो आणि एक्स्चेंज जुनाच पत्ता सगळ्यांना देत बसतो. "काल संध्याकाळपर्यंत चांगलं होतं" असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, काल लाईट गेली होती का? स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घ्या, किंवा निदान राउटरसुद्धा इन्व्हर्टरवर टाका. दुसऱ्या उपायाला फक्त एक वायर लागते, तरी तो कुणी करत नाही.

दुसरी तक्रार : कॉल अर्ध्या मिनिटात तुटतो. दोन्हीकडून आवाज छान, आणि दर वेळी तिथेच कट. लोकांना वाटतं बॅलन्स संपला. खरं कारण हिशोबी आहे. फोन उचलल्यावर 'उचलला' असा निरोप जातो आणि त्याला पोच यावी लागते. पोच पाठवायचा पत्तासुद्धा निरोपात लिहिलेला असतो, आणि तोही मारुतीचा पारच निघाला तर पोच येत नाही. मग निरोप पुन्हा, पुन्हा जातो. मूळ मुदत अर्ध्या सेकंदाची, तिच्या चौसष्टपट म्हणजे बत्तीस सेकंद वाट बघून यंत्र कॉल सोडून देतं. म्हणून बत्तीस सेकंदांचा कट दिसला की मी आवाजाकडे बघतच नाही, थेट निरोपातली कॉन्टॅक्टची, म्हणजे पोच कुठे पाठवायची त्या पत्त्याची, ओळ बघतो.

तिसरी : आमचा फोन जातो, पण आम्हाला येत नाही. सकाळी राउटर बंद-चालू केला की थोडा वेळ येतो. ही राउटरची विसरभोळेपणाची तक्रार. नॅटची नोंद कायमची नसते; ती पुसली की बाहेरून आलेला कॉल कुणाला द्यायचा ते राउटरला कळत नाही. यूडीपीची, म्हणजे असे फोन सहसा वापरतात त्या साध्या पुड्यांची, नोंद दोन मिनिटांच्या आत पुसू नये असं २००७ च्या आरएफसी ४७८७ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहिलंय, पण स्वस्त राउटर ते कशाला वाचतात! काही अर्ध्या मिनिटातच विसरतात. फोनमध्ये 'कीप अलाइव्ह' वीस-पंचवीस सेकंदांवर ठेवा. दर थोड्या वेळाने एक छोटी पुडी जात राहते आणि नोंद जागी राहते.

आता ज्याच्यावर माझा खरा राग आहे ते. बऱ्याच राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय आधीपासून चालू असते. पुडीच्या आत वाचून पत्ता बदलणं, एवढं तिचं काम. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात ती एक ओळ बदलते, दुसरी सोडते, आणि एक्स्चेंजने नीट लिहिलेला पत्तासुद्धा बिघडवून ठेवते. दिसली की बंद करा. केबलवाल्याने दिलेल्या डब्यात ती बंद करायचं बटणच नसेल तर एसआयपी टीएलएस या कुलूपबंद वाटेवर, म्हणजे ५०६१ पोर्टवर न्या. निरोप कुलूपबंद झाला की राउटरला तो वाचताच येत नाही.

आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून एखाद्या पोर्टवर आलेलं थेट आतल्या यंत्राकडे पाठवायची राउटरची सेटिंग, करूनही काहीच होत नसेल तर राउटरच्या स्टेटसच्या पानावर त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल तर तुमच्या राउटरच्या पुढे इंटरनेट कंपनीचा आणखी एक नॅट आहे, आणि तिथे तुमचं काही चालत नाही. स्थिर आयपी मागा, नाहीतर एक्स्चेंज बाहेर हलवा. एक मात्र करू नका : वैतागून ५०६० सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. पासवर्ड सोपा असेल तर रात्रीतून परदेशी कॉल होतात आणि बिल मालकाला येतं. फोन कंपनीच्या पत्त्यापुरताच उघडा.

मग व्हॉट्सॲप का चालतं? कारण असली ॲप्स फोनच्या स्वतःच्या पत्त्यावर विसंबूनच राहत नाहीत. आधी बाहेरच्या सर्व्हरला विचारतात, "मी तुला कुठल्या पत्त्यावरून दिसतोय?" याला स्टन म्हणतात. दोन्ही बाजू आपापले सगळे शक्य पत्ते एकमेकांना देतात आणि एकेक करून बघतात. थेट वाट मिळाली तर थेट, नाहीतर आवाज मधल्या सर्व्हरमधून फिरवतात. त्या मधल्या सर्व्हरचा खर्च कंपनी करते. तुमच्या टेबलावरच्या फोनमध्येही बहुधा स्टन असतं, फक्त ते कुणी चालू केलेलं नसतं.

याच्या पुढचा प्रश्नही ठरलेला असतो : आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, कितीतरी मोठी पद्धत, आलं की हे सगळं मिटेल का? पत्त्यांचा घोळ मिटेल, कारण प्रत्येक फोनला स्वतःचा खरा पत्ता मिळेल. राउटरमधली फायरवॉल मात्र तरीही बाहेरून आलेली अनोळखी पुडी अडवणारच, त्यामुळे कीप अलाइव्ह ठेवावाच लागेल. आणि तुमच्या फोन कंपनीची लाइन अजून आयपीव्ही४ वरच येत असेल तर सध्या तरी 'सी' ची ओळ बघण्यापासूनच सुरुवात करा.